३.४ पडद्यावरचा शब्द आणि फाइलीतला शब्द

समजा, कुडाळ-मालवण परिसरातून जमवलेले ‘झील’, ‘चेडू’, ‘घोव’ असे मालवणी शब्द अकारविल्हे लावणारा एक छोटा पायथन प्रोग्राम आपण लिहिला. पडद्यावर यादी शुद्ध उमटते. मात्र तीच यादी ‘>’ या चिन्हाने फाइलीत वळवली, की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पुष्कळदा फाइल रिकामी राहते आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो. प्रोग्राम तोच असता निकाल दोन का?

प्रोग्राम लिहितो तो पडद्यावर नव्हे, एका क्रमांकावर. ० म्हणजे प्रमाण आदान, १ म्हणजे प्रमाण प्रदान आणि २ म्हणजे त्रुटिसंदेशांची वाट. आणखी एखादी फाइल उघडली, की तिला मोकळ्यांपैकी सर्वांत लहान क्रमांक, बहुधा ३, मिळतो. या क्रमांकांना ‘फाइल डिस्क्रिप्टर’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘वर्णन करणारा’. पण तो कशाचेच वर्णन करीत नाही. ‘फाइल-क्रमांक’ हे नाव मला अधिक सयुक्तिक वाटते. ‘>’ मुळे फक्त १ ची वाट बदलते. २ पडद्याकडेच राहतो. म्हणून यादी हरवली तरी तक्रार दिसते.

क्रमांकामागे टर्मिनल आहे की फाइल, हे पायथनमध्ये ‘इज-ए-टीटीवाय’ या फलनाने विचारता येते. (टीटीवाय हे दूरमुद्रकाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. यंत्र गेले, नाव राहिले.) विंडोजवर टर्मिनल असेल तर पायथन ३.६ पासून युनिकोड मजकूर नीट पोहोचतो. फाइल असेल तर अनेक आवृत्त्या संगणकाची स्थानिक सांकेतन-पद्धत वापरतात. ती पुष्कळदा १२५२ क्रमांकाची असते आणि तीत देवनागरीला जागाच नाही.

यूटीएफ-८ मध्ये ती आहे. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘चेडू’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा, युनिकोडला चार चिन्हांचा (च, एकार, ड, ऊकार) आणि फाइलीला १२ बाइटांचा. तेव्हा प्रोग्रामच्या आरंभीच प्रमाण प्रदानाची पद्धत यूटीएफ-८ अशी ठरवून द्यावी. पायथन ३.७ पासून त्यासाठी ‘रीकॉन्फिगर’ ही सोय आहे.

अभ्यासकाने आणखी एक शिस्त पाळावी. ‘या ओळीत शब्द सापडला नाही’ यांसारख्या सूचना १ वर लिहू नयेत, २ वर लिहाव्यात. अन्यथा ‘सापडला’ हाही मालवणी शब्द म्हणून आपल्या सूचीत नोंदला जाईल.

सरावासाठी : ‘झील’ या शब्दाची अक्षरे, युनिकोड चिन्हे व यूटीएफ-८ मधील बाइट मोजा.