गादी काट्यावर

अप्पा भर दुकानात झोपलेत. चपला खाली, टोपी पोटावर, डोळे मिटलेले. वर पंखा कुरकुरतोय आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांच्या थप्प्यांतून नव्या फोमचा उग्र वास येतोय. दुकानातला पोरगा माझ्याकडं बघून हसतो.

"ताई, अप्पांना झोप लागली का काय?"

"झोप न्हाई," डोळे न उघडता अप्पा म्हणतात, "पाठीला इचारायलोय."

मे महिना, दुपारचे बारा. उदगीरच्या चौबाऱ्याअलीकडच्या गल्लीतलं हे दुकान. पुढच्या भागात फोम, मागच्या अंधाऱ्या खोलीत कापूस. मागं पिंजायचं यंत्र आहे आणि त्याच्या बाजूला भिंतीला टेकून चाचा बसलेत. दाढीत, भुवयांत, कानांवरच्या केसांत पांढरा तंतू. हातातल्या दाभणानं गादीला टाके घालणं चालू आहे. चाचांचं घराणं पिंजाऱ्यांचं. फोमचा धंदा पोरानं काढला, कापूस चाचांनी सोडलेला नाही.

आमची जुनी गादी टमटममधून उतरून दारातच पडलीय. लग्नात आईला माहेरून आलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं घरं हलली, तेव्हा सगळ्यांच्या आधी अंगणात आली ती हीच, आणि पुढं कित्येक रात्री आम्ही सगळे तिच्यावर आडवे झोपलो. म्हणून तिला टाकायचं नाव काढलं की आई गप्प होते. पण आता तिच्यात गोळे झालेत आणि अप्पांची कंबर सकाळी अर्धा तास उभी राहू देत नाही.

अप्पा उठून बसतात. "ही कशी दिली?"

"सहा इंची आहे अप्पा. सहा बाय तीन. आत बत्तीस डेन्सिटी. बगा की, चेन उघडून बगा."

"इंच ठीक हाय. वजन किती?"

पोरगा गोंधळतो. "वजन? फोमचं वजन कोण बगतंय अप्पा?"

"मग कशावर इकतोस? तूर काय आपण इंचावर घेताव का? पोतं फुगलं म्हणून जास्त पैसे देताव?"

अप्पा मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मालाचं वजन लिहिलं. तूर, मूग, उडीद, हायब्रीड; जे आलं ते आधी काट्यावर, मग वहीत. वजन न करता विकली जाणारी वस्तू त्यांना अजून संशयास्पद वाटते.

"डेन्सिटी म्हंजे काय?" ते मला विचारतात. उत्तर त्यांना माहीत असावं, तपासून घ्यायचंय एवढंच.

मी सांगते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा फोमचा ठोकळा घेतला तर तो जितके किलो भरेल, तितकी त्याची घनता. बत्तीस म्हणजे बत्तीस किलो. किलो जास्त म्हणजे आत माल जास्त, हवा कमी. असा फोम लवकर बसत नाही. गादी किती वर्षं टिकेल ते बरंचसं यावर ठरतं.

अप्पा खिशातून पेन काढतात. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं आकडे उमटतात. सहा गुणिले तीन गुणिले अर्धा फूट, नऊ घनफूट. एका घनमीटरात पस्तीस घनफूट आणि वर थोडं. नवाला पस्तिसानं भागलं की पाव आणि किंचित जास्त.

"म्हंजे सहा बाय तीनची सहा इंची गादी असली की डेन्सिटीचा चौथा हिस्सा किलो," अप्पा पेन खिशाला लावतात. "बत्तीसची असली तर आठ किलो भरली पायजे. चाळीसची असली तर दहा. हाय का न्हाई?"

पोरगा मान डोलावतो. मग अप्पा मागच्या खोलीकडं बोट करतात. तिथं इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलाय. कापूस तोलायला.

एकाच छताखाली कापूस रोज काट्यावर चढतो आणि फोमला काटा ठाऊकच नाही. पोराच्याही हे पहिल्यांदाच लक्षात येतं असं दिसतं. तो गादीची वळकटी करून सुतळी बांधतो, काट्यावर उभी धरतो आणि हात सोडतो. लाल आकडे थरथरून थांबतात. सहा किलो दोनशे.

"खोळीचं वजन धर सव्वा किलो," अप्पा म्हणतात. "ऱ्हायलं पाच. पाच चोक वीस."

बत्तीस लिहिलेला फोम वीस भरलाय. दुकानात कुणी बोलत नाही. पोराचे कान लाल झालेत. "अप्पा, आईशप्पथ, कारखान्यातून पॅक होऊन येतंय. मी कवा तोललंच न्हाई."

"तुझ्यावर आळ न्हाई बेटा. पण आता तोलत जा."

तेवढ्यात एक कुटुंब आत शिरतं. जळकोटकडचं असावं. वडील, मामा, दोन बाया आणि मागं नवरी होणारी मुलगी. लगीनसराई आहे, आंदणाची खरेदी चाललीय. पलंग घेऊन झालाय, आता डबलची गादी. मामा थेट चकचकीत मरून कापडाच्या आठ इंची गादीवर थाप मारतो. "ही बगा दाजी. जाड बी हाय अन् दिसायला बी भारी." मुलगी तिच्यावर बसून बघते, पण क्षणभरच. एवढ्या माणसांसमोर झोपून कशी बघणार?

पोरगा तिकडं वळण्याआधी आमच्यासमोर आणखी दोन गाद्या टाकतो. पहिली मेमरी फोमची. तो तळवा दाबून उचलतो. पंजाचा ठसा हळूहळू भरून येतो. "नासाची गादी आहे ही, अंतराळवाल्यांची." त्याचं अगदीच चूक नाही. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत नासासाठी विमानातल्या आसनांच्या उशीचा शोध चालला होता, त्यातून हा फोम निघाला. पण तो अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो. मेच्या उकाड्यात अप्पा त्यावर दोन मिनिटं पडतात आणि पाठ ओली घेऊन उठतात.

दुसरी गादी आतून रंगीबेरंगी आहे, चिवड्यासारखी. कापलेल्या फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेली. सगळे तिला बॉन्डेड म्हणतात. वजनाला दणकट, दगडासारखी.

"हीच घ्या," आई एकदम म्हणते. "डॉक्टर म्हणलेले न्हवं कडक गादीवर झोपा म्हणून."

अप्पा उताणे होतात. मी त्यांच्या कमरेखालून हात घालून बघते. हात या बाजूनं जातो आणि त्या बाजूनं सरळ बाहेर येतो. कंबर अधांतरी आहे, सगळा भार खांद्यांवर आणि माकडहाडावर. मी आईला सांगते, कंबर जुनी दुखत असली की फळीसारखं कडक पाहिजे हे आता डॉक्टर मानत नाहीत. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना कडक आणि मध्यम कडक अशा दोन तऱ्हांच्या गाद्यांवर नव्वद दिवस झोपवलं होतं. २००३ साली 'द लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. मध्यम गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारली. कडक असणं वेगळं, टिकाऊ असणं वेगळं. घनता टिकाऊपणाचं सांगते, कडक की मऊ ते पाठीनंच सांगायचं.

"मग पाठीलाच इचारा," आई म्हणते आणि खुर्चीत बसते.

अप्पांची पाठ दोन गाद्यांवर राजी होते. दोन्ही चाळीस घनतेच्या, दोन्ही मध्यम. एकीचा भाव सहा हजार, दुसरीचा साडेआठ. दोन्ही काट्यावर चढतात. पहिली साडेअकरा किलो, दुसरी अकरा चारशे. खोळ वजा जाता दोन्ही दहाच्या वर.

"मग स्वस्तातली का नको?" अप्पा विजयी नजरेनं माझ्याकडं बघतात. वजन सारखं आणि अडीच हजार कमी.

मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो. चाचा दाभण कापडात खोचून उठतात. "मुनीमजी, वजन देखे, अब मुठ्ठी बी देखो."

ते पहिल्या गादीची चेन उघडतात, फोमचा कोपरा बाहेर काढतात आणि आपल्या काळ्या जाकिटावर जोरजोरात चोळतात. जाकिटावर पांढरी भुकटी पडते. चाचा ती बोटानं उचलून अप्पांच्या तळव्यावर ठेवतात.

"खडू," चाचा म्हणतात. "फोम फुगवताना खडूची पूड मिसळतेत काही कारखाने. वजन भरतं, खर्च उतरतो. पण असा फोम लवकर बसतो, कोपरे चुरा होतेत."

अप्पा भुकटी चिमटीत चोळून बघतात. तुरीत माती, खडे, पाणी मारलेली सोयाबीन. सगळं आयुष्य त्यात गेलं. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधला माल काढल्याशिवाय त्यांनी कधी भाव बोलू दिला नाही. आणि आज नुसत्या काट्यावर भुलले. ते हसतात, स्वतःलाच.

"म्हंजे तुरीत खडे. भाई, तू आधीच बोलायचास की."

"कैकू बोलूं? तुम्ही काट्यावर इतके खूश दिसलात."

चाचा आता दुसरी गादी उघडतात. कोपरा चोळतात, जाकीट काळंच राहतं. मग मूठ दाबून दहा आकडे मोजतात आणि सोडतात; फोम लगेच वर येतो. मघाचा पहिला तसाच दाबला तर दबकत, आळसात उठतो. अप्पा दोन्हींवर गुडघा टेकवून पुन्हा बघतात. तिसऱ्यांदा बघतात.

"आन् डनलॉपची?" आई विचारते. उदगीरात कुठलीही मऊ गादी डनलॉपचीच. खरी डनलॉपची म्हणजे रबराच्या चिकाची, लॅटेक्सची. १९२९ साली इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत रबराचा चीक दह्यासारखा घुसळून त्याचा फेस साच्यात घट्ट केला, तिथून ती सुरू झाली. पोरगा कपाटावरून नमुन्याचा तुकडा काढतो. इडलीसारखा पिवळट, वर पेन्सिलीएवढी भोकं. आई दाबते, तो लगेच उसळतो. हवा खेळती, स्पर्श गार. पूर्ण गादी अठरा-एकोणीस किलोची, वीस वर्षं हलणार नाही असं पोरगा सांगतो. भाव बावीस हजार.

मी पर्सला हात लावते. अप्पा हाताला धरून थांबवतात. "वीस वर्षं गादी टिकंल. मी?"

आई त्यांच्या दंडावर चापट मारते, पण बोलत काहीच नाही. मग तिचा प्रश्न येतो, खास तिचा. "ही दर ऐतवारी गच्चीवर उन्हात टाकली तर चालती न्हवं?"

"अजिबात नको मावशी," पोरगा घाईनं सांगतो. "कापसाला ऊन पायजे, ह्याला ऊन म्हंजे मरण. लॅटेक्स असो का फोम, पिवळं पडतंय, चुरा होतंय. सावलीत उभी करा, वारा लागू द्या. तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडं फिरवा. आन् बाजेवर टाकू नका, खाली सपाट फळी पायजे."

"उन्हाला चालत न्हाई ती कसली गादी," आई पुटपुटते. उदगीरच्या उन्हानं आजवर तिच्या घरातले ढेकूण, ओल, आजारपणाचा वास, सगळं फुकटात काढलंय. ते ऊन आता वाया जाणार.

साडेआठ हजारांची ठरते. अप्पा सुतळी काढतात. दिवाणाची लांबी-रुंदी घरून गाठी मारून आणलीय. सुतळी गादीवर ताणतात, गाठी बरोबर कडेला येतात. वॉरंटीचं कार्ड ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. किती खळगा पडला तर बदलून मिळेल ते तिथं आहे. डाग पडला तर काहीच मिळणार नाही तेही. आई लगेच जुन्या चादरीची एक जादा खोळ शिवायचं ठरवते.

"पक्कं बिल कर," अप्पा म्हणतात. "आन् त्यात डेन्सिटी लिही, वजन लिही."

"वजन बी?"

"वजन बी."

पोरगा लिहितो. गादी १ नग, ६ × ३, ६ इंची, डेन्सिटी ४०, वजन ११ किलो ४००. अप्पा बिल चष्म्याजवळ धरून वाचतात, चौघडी करून टोपीत ठेवतात.

चाचांनी दरम्यान दारातली जुनी गादी ओढत आत नेलीय. ती काट्यावर चढते. साडेदहा किलो. "तेरा किलो भरली होती," आई म्हणते. तिला आकडा पाठ आहे. चाचा खांदे उडवतात. दर पिंजणीला थोडा कापूस धूळ होऊन उडून जातो. "अडीच किलो नवा घालतो, भाभी. परवा न्या."

"ह्यांना नवी," आई मला सांगते, "मी आपली खाली माझ्या गादीवर."

टमटम दारात लागतं. नवी गादी आडवी बसत नाही, म्हणून पोरगा ती वाकवून सुतळीनं टपाला बांधतो. अप्पा पुढं बसून मागं हात टाकतात आणि एक कोपरा धरून ठेवतात. मी चढताना वळून बघते. मामा अजून मरून गादीचा भाव पाडतोय. नवरीचे वडील मात्र त्याच्याजवळ नाहीत. ते मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहून काट्याच्या लाल आकड्यांकडं बघतायत. पोरगा आत येतो तसे ते हळूच म्हणतात,

"आमची बी चढीव जरा."