पाळी एकाची, ‘इस्टॉप’ दुसऱ्याचा

गोवंडीच्या गल्लीत मुले लपंडाव खेळत आहेत. ज्याच्यावर राज्य आहे तो कोपऱ्यावर उभा आहे. आडोशामागचा गडी धप्पा द्यायला धावतो, पण वाटेतच त्याच्यावर नजर पडते आणि ‘इस्टॉप!’ ऐकू येते. बुद्धिबळात असे होत नाही. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याची मोहरी निमूट उभी असतात. मग पाळीपाळीने खेळायच्या खेळात असा ‘इस्टॉप’ आणायचा कसा?

ज्युलियन आणि निक गॉलप या बंधूंच्या १९९४ सालच्या ‘एक्स-कॉम’ या संगणकीय खेळात याचे सोपे उत्तर आहे. तिथे सैनिक आणि परग्रहवासी यांची लढाई असते. प्रत्येकाला पाळीपुरती ठरावीक वेळ-एकके मिळतात. सपाट जमिनीवर सरळ एक घर चालायला ४ एकके लागतात. शिवाय प्रत्येकाची चपळाई अंकात दिलेली असते. सूत्र असे:

प्रतिसादांक = चपळाई × (उरलेली एकके ÷ एकूण एकके)

चालणारा दिसत असेल, पाहणाऱ्याचा प्रतिसादांक त्याच्याहून जास्त असेल आणि पाहणाऱ्याकडे झटपट गोळी झाडण्याइतकी एकके उरली असतील, तर तो दुसऱ्याच्या पाळीतही गोळी झाडतो.

उदाहरण घेऊ. सैनिकाची चपळाई ५०, एकके ६०. परग्रहवासीयाची चपळाई ६४, पण त्याची निम्मीच एकके उरली आहेत. म्हणजे प्रतिसादांक ३२. सैनिक ५० वर सुरुवात करतो. पाच पावलांनंतर त्याची ४० एकके उरतात, प्रतिसादांक ३३.३. सहाव्या पावलाला तो ३० होतो आणि गोळी सुटते! गोळी झाडायलाही एकके खर्च होतात, म्हणून झाडणाऱ्याचा प्रतिसादांकही लगेच उतरतो.

यातली खरी मेख तुलना केव्हा करायची यात आहे. ती प्रत्येक पावलानंतर करावी लागते. पाळी संपल्यावरच केली, तर उघड्यावरून धावत जाऊन भिंतीआड शिरलेला गडी कोणाला दिसलाच नाही असे ठरेल. सलग वाहणाऱ्या काळाचे तुकडे पुरेसे बारीक केले, तरच नियम वास्तवाजवळ जातो.

वर्गात करून पाहा : संगणकाची गरज नाही. चौकटीची वही आणि दोन बिया पुरेत. गोळीऐवजी ‘इस्टॉप’ म्हणा. प्रत्येक पावलाचा प्रतिसादांक मुलांना आलेखावर मांडू द्या. उतरती सरळ रेषा मिळेल. मग विचारा : गड्याने निम्मी एकके आधीच खर्च केली असती, तर तो कितव्या पावलाला सापडला असता? ‘पहिल्याच!’ हे उत्तर मुलांनी स्वतः काढले, की गुणोत्तर समजले म्हणायला हरकत नाही.