इंग्रजी वाक्य टिंब येईपर्यंत वाचायचं

आज इंग्रजीच्या व्याकरणावर बोलायचंय. रेडिओ बंद करू नका! परीक्षेचं व्याकरण नाही हे. या व्याकरणापायी आमच्या गटातल्या दोघींचा शेळ्यांचा इसार बुडाला, म्हणून आम्ही ते शिकायला बसलो. तेच आज सांगतो.

गेल्या वर्षी आम्हाला कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. सगळं इंग्रजीत. आमच्यात अगदीच कुणाला येत नाही असं नाही. दोघी-तिघी दहावी झालेल्या, एकीची सून बारावी. पत्रातलं महत्त्वाचं वाक्य असं होतं: ‘द मेंबर्स हू हॅव पेड ऑल इन्स्टॉलमेंट्स विल गेट अ सेकंड लोन इन जून.’ मेंबर म्हणजे सभासद, पेड म्हणजे भरलं, इन्स्टॉलमेंट म्हणजे हप्ता, सेकंड लोन म्हणजे दुसरं कर्ज. एकूण एक शब्द कळला. आम्ही अर्थ लावला की सभासदांनी हप्ते भरलेत, जूनमध्ये दुसरं कर्ज मिळणार. दोघींचे दोन-दोन हप्ते मागे होते, पण पत्र तर गटाला आलेलं. त्यांनी शेळ्या ठरवून इसार देऊन टाकला. जूनमध्ये बाकीच्यांना कर्ज मिळालं, त्या दोघींना नाही. शेळीवाल्याने इसार परत दिला नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं?

पत्रात चूक नव्हती. त्यातला ‘हू’ आम्ही गिळून टाकला होता. त्या वाक्याचा खरा अर्थ होता, ज्या सभासदांनी सगळे हप्ते भरलेत, त्यांनाच दुसरं कर्ज मिळेल.

शब्द येतात पण वाक्य येत नाही, असं का होतं? आधी सोपं घेऊ. आपण म्हणतो ‘डब्यात’. एकच शब्द, मागे ‘त’ चिकटवला की झालं. इंग्रजीत त्याचे तीन होतात, ‘इन द बॉक्स’. आपला प्रत्यय मागून येतो, त्यांचा शब्द पुढून. अशा एकत्र राहणाऱ्या शब्दांना फ्रेज म्हणतात. आम्ही तिला जुडी म्हणतो. मेथीची जुडी आपण काडी काडी मोजून घेत नाही, अख्खी उचलतो. ‘ऑन मंडे’, ‘इन जून’, ‘विदाउट शुगर’, ‘आफ्टर मील्स’ या सगळ्या जुड्या. त्यांचं मराठी बहुतेक वेळा एका शब्दात होतं: सोमवारी, जूनमध्ये, साखरेशिवाय, जेवणानंतर. औषधाच्या पाकिटावर ‘आफ्टर’ वेगळा आणि ‘मील्स’ वेगळा वाचला तर घोळ होतो. जुडी म्हणून वाचलं की लगेच कळतं.

जुडीत क्रियापद नसतं. कोण आणि काय करतं, दोन्ही आलं की ते क्लॉज, म्हणजे आपल्या शाळेतलं वाक्य किंवा पोटवाक्य. ‘आफ्टर मील्स’ ही जुडी, ‘आफ्टर यू ईट’ हा क्लॉज, कारण त्यात खाणारी पण आहे आणि खाणं पण आहे. आपल्याकडे जेवणानंतर आणि जेवल्यावर, तसंच.

काही क्लॉज स्वतःच्या पायावर उभे राहतात. ‘वी विल कम.’ आम्ही येऊ. झालं, पूर्ण. काही मात्र दुसऱ्याला टेकूनच उभे राहतात. ‘इफ इट रेन्स.’ पाऊस पडला तर. तर काय? कुणी एवढंच बोलून गप्प बसलं तर आपण तिच्या तोंडाकडे बघत राहू. असे टेकणारे क्लॉज ओळखायला सोपे आहेत, कारण त्यांच्या पुढे बहुधा एक खुंटी असते. इफ, व्हेन, बिकॉज, हू, विच, अन्टिल, अनलेस या त्या खुंट्या. आपल्याकडे खुंट्या जोडीने येतात: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जी-ती. एक कानावर पडली की आपण दुसरीची वाट बघतो. इंग्रजीत बहुतेक वेळा एकच येते, आणि तीही वाक्याच्या पोटात लपलेली. आमचा ‘हू’ असाच निसटला.

आता आम्हाला जे कळायला सगळ्यात जास्त दिवस लागले ते सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘तीन वर्षांनंतर पैसे कधीही काढता येतील.’ अट आधी, काम शेवटी. म्हणून मराठी ऐकताना आपण शेवटपर्यंत थांबतोच, थांबावंच लागतं. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जातं. ‘यू कॅन विथड्रॉ द मनी एनी टाइम आफ्टर थ्री इयर्स.’ ‘पैसे काढू शकता, कधीही’ इथपर्यंत आलं की आपल्या मनात वाक्य संपतं, कारण आपल्या सवयीने क्रियापद आलं म्हणजे बोलणं झालं. आपण पदर झटकून उठतो, आणि अट मागे तशीच बसून राहते. कर्जाच्या, विम्याच्या, ठेवीच्या कागदात अटी बऱ्याचदा अशाच शेपटाला असतात. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, टिंब दिसेपर्यंत बोट कागदावरून उचलायचं नाही.

खुंट्यांमधली ‘अनलेस’ सगळ्यात खट्याळ. तिच्या पोटात ‘नाही’ दडलेलं असतं. ‘डू नॉट पे कॅश अनलेस यू गेट अ रिसीट.’ आम्ही आधी वाचलं, पावती मिळाली तर रोख देऊ नका. बरोब्बर उलटं! मग एकीला सुचलं की अनलेस म्हणजे आपलं ‘शिवाय’. पावती मिळाल्याशिवाय रोख देऊ नका. तेव्हापासून अनलेस दिसली की आम्ही ‘शिवाय’ लावून बघतो. बऱ्याच वेळा चपखल बसतं.

राहिलं मॉडिफायर. नाव भारी आहे, काम साधं. दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीचं सांगतो तो मॉडिफायर. लाल साडी, रेड सारी, यात ‘लाल’ आणि ‘रेड’. इथवर दोन्ही भाषा सारख्या. पण मॉडिफायर लांब झाला की इंग्रजीत तो मागे जातो. आपण म्हणतो पिवळ्या झाकणाची बाटली, ते म्हणतात ‘द बॉटल विथ द यलो लिड’. बाटली आधी, झाकण नंतर. आमच्या पत्रातला ‘हू हॅव पेड ऑल इन्स्टॉलमेंट्स’ हाही मॉडिफायरच. अख्खा क्लॉज ‘मेंबर्स’च्या मागे उभा राहून सांगत होता की कोणते मेंबर. त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम असते, तर मात्र आम्ही लावलेला अर्थ बरोबर ठरला असता: सभासदांना कर्ज मिळेल, आणि हो, त्या सगळ्यांनी हप्ते भरलेत. दोन स्वल्पविराम, आणि दोन शेळ्या!

मॉडिफायर बहुतेक वेळा जवळच्या शब्दाला चिकटतो, म्हणून तो कुठे ठेवला याला महत्त्व. आमच्या लोणच्याच्या पत्रकावर आम्हीच लिहिलं होतं, ‘वी सेल पिकल्स टू वुमेन इन ग्लास जार्स.’ प्रदर्शनात एक कॉलेजची मुलगी वाचून हसत सुटली. आम्हाला म्हणायचं होतं, काचेच्या बरण्यांतलं लोणचं बायकांना विकतो. लिहिलं होतं, काचेच्या बरण्यांत बसलेल्या बायकांना लोणचं विकतो. ‘इन ग्लास जार्स’ ही जुडी उचलून ‘पिकल्स’च्या शेजारी ठेवली आणि बायका बरणीतून बाहेर आल्या.

‘ओन्ली’चंही तसंच, पण तो आपल्याला सोपा जावा, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘ओन्ली शी पेड फिफ्टी रुपीज’ म्हणजे तिनेच पन्नास रुपये भरले. ‘शी पेड ओन्ली फिफ्टी रुपीज’ म्हणजे तिने पन्नासच भरले. पहिल्यात तिचं कौतुक, दुसऱ्यात तिच्यावर ठपका. आपला ‘च’ शब्दाला घट्ट चिकटतो, त्यांचा ‘ओन्ली’ इकडेतिकडे फिरतो. तो कुठे उभा आहे ते बघायचं आणि तिथे ‘च’ लावायचा.

आता आमच्या बैठकीत इंग्रजी कागद आला की आम्ही पेन्सिल घेऊन बसतो. आधी क्रियापदाखाली रेघ, मग खुंट्यांना गोल, मग जुड्यांना कंस. दहा मिनिटं लागतात. घरातल्या शाळकरी मुलींना हाताशी घ्या, आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण मुलीने शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून लगेच सही करू नका, तिलाही खुंटी शोधायला लावा.

आणि एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्मकर्जासाठी नियम काढले. त्यांत म्हटलंय की कर्जकार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. तेव्हा कर्जकार्ड इंग्रजीत पुढे केलं तर ‘मराठीत द्या’ म्हणायला लाजू नका. इंग्रजी वाचता येणाऱ्या बाईनेही मागावं.

त्या दोघींनी हप्ते पुरे केले, पुढच्या फेरीत त्यांना कर्ज मिळालं. इसाराचे पैसे गेले ते गेलेच.

जाता जाता एक वाक्य देतो, गटात बसून सोडवा: ‘द शॉप विल बी क्लोज्ड ऑन मंडे अनलेस मंडे इज अ मार्केट डे.’ सोमवारी बाजार भरला तर दुकान उघडं की बंद? उत्तर पुढच्या भागात. नमस्कार.