मराठी ई-मेलमधील अक्षरविकृती

ई-मेल ब्राउझरमध्ये उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी असंबद्ध रोमन अक्षरे, रिकाम्या चौकटी किंवा प्रश्नचिन्हे दिसणे, या दोषास अक्षरविकृती असे म्हणता येते. जपानी भाषेतील ‘मोजिबाके’ ही संज्ञा त्यासाठी संगणकक्षेत्रात रूढ आहे. असा संदेश निरुपयोगी समजून अनेकदा काढून टाकला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मूळ मजकूर शाबूत असतो व केवळ त्याचे वाचन चुकलेले असते. त्यामुळे मजकूर शाबूत आहे की नष्ट झाला आहे, हे विकृतीच्या स्वरूपावरून ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

पार्श्वभूमी

संगणक अक्षरे अंकांच्या रूपात साठवतो. कोणता अंक कोणत्या अक्षरासाठी आहे, हे ठरवणाऱ्या पद्धतीस संकेतन म्हणतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. तथापि छपाईच्या व्यवहारात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव तसेच सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतील फाँट रुळले. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी असे. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फाँटसह युनिकोड देवनागरी थेट उपलब्ध झाली, तरी जुन्या फाँटांतील मजकुराचा साठा कायम राहिला.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महत्त्व

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. दोन्हींचा कारभार मराठीतून चालतो. कल्याण-डोंबिवलीने नागरी सेवांचे संगणकीकरण तुलनेने लवकर हाती घेतले आणि राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी तो नमुना मानला गेला. या परिसराला ग्रंथव्यवहाराचीही मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. स्मरणिका, दिवाळी अंक, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते अशा जुन्या मजकुराची ई-मेलने देवाणघेवाण होते, तेव्हा फाँटांचा प्रश्न उद्भवतो.

न वाचता आलेल्या संदेशाचे परिणाम कायदेशीरही असू शकतात. उदाहरणार्थ, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करावे लागते. विकृत अक्षरांमुळे उत्तर दुर्लक्षित राहिल्यास ही मुदत उलटू शकते.

विकृतीचे प्रकार

चुकीचे संकेतन: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. हे बाइट पश्चिम युरोपीय संकेतनानुसार वाचले गेल्यास डोक्यावर आघातचिन्ह असलेले ‘ए’ हे रोमन अक्षर आणि त्यापाठोपाठ चलनचिन्ह किंवा येनचे चिन्ह, अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा दिसते. या प्रकारात मजकूर बहुधा शाबूत असतो.

जुना फाँट: मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगेसारखा दिसतो. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द तो फाँट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. येथेही मजकूर शाबूत असतो; मात्र संकेतन बदलून तो सुधारत नाही.

रिकाम्या चौकटी: संकेतन योग्य असते, परंतु त्या उपकरणावर देवनागरी फाँट नसतो. तोच संदेश मोबाइलवर नीट आणि कार्यालयातील संगणकावर चौकटींत दिसणे, हे याचे ठळक लक्षण होय.

प्रश्नचिन्हे: मजकूर वाटेतील एखाद्या प्रणालीने देवनागरी नसलेल्या संकेतनात बदलल्यास प्रत्येक अक्षराच्या जागी साधे प्रश्नचिन्ह येते. मूळ अंक पुसले गेल्याने हा मजकूर परत मिळवता येत नाही.

जोडाक्षरांतील बदल: ‘आचाऱ्यास’ याऐवजी ‘आचार्यास’ किंवा ‘दऱ्या’ याऐवजी ‘दर्या’ दिसू शकते. अर्धा ‘र’ दर्शवण्यासाठी वापरलेले अदृश्य जोडचिन्ह गळाल्यास असे घडते. शब्द शुद्ध दिसतो, पण अर्थ बदलतो. म्हणून हा प्रकार सहज लक्षात येत नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम तोच संदेश दुसऱ्या उपकरणावर किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. तेथे तो नीट दिसल्यास दोष पहिल्या उपकरणातील फाँटचा किंवा ब्राउझरचा असतो. सर्वत्र सारखीच विकृती असल्यास संदेशाचे मूळ रूप पाहावे. जीमेलमध्ये त्यासाठी ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय आहे. त्यातील शीर्षभागात संकेतनाचे नाव नमूद असते. ते नाव व प्रत्यक्ष मजकूर यांत विसंगती असल्यास संदेश उतरवून घेऊन थंडरबर्डसारख्या प्रणालीत उघडावा व तेथे संकेतन दुरुस्त करण्याचा पर्याय वापरावा. फायरफॉक्समध्येही ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ हा पर्याय आहे. मात्र जीमेलसारख्या सेवा मजकूर स्वतःच युनिकोडमध्ये बदलून दाखवत असल्याने तेथे त्याचा उपयोग होतोच असे नाही.

जुन्या फाँटातील मजकुरासाठी त्या फाँटाचे नाव पाठवणाऱ्याकडून समजून घ्यावे आणि त्यानुसार रूपांतरक वापरावा. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार व जोडाक्षरे चुकण्याची शक्यता असते. व्यक्तिनामे, दिनांक व रकमा मुद्दाम पडताळाव्यात. प्रश्नचिन्हे आली असल्यास संदेश पुन्हा मागवणे हाच उपाय उरतो.

दुरुस्ती होईपर्यंत मूळ संदेश काढून टाकू नये. विकृत मजकूर नक्कल करून पुढे पाठवल्यास शाबूत असलेले अंकही बदलू शकतात. मुदत लागू असलेल्या पत्रव्यवहारात मजकूर वाचता येत नसल्याचे पाठवणाऱ्या कार्यालयास तत्काळ लेखी कळवणे हितावह ठरते.

पाठवणाऱ्याने घ्यावयाची काळजी

मजकूर युनिकोडमध्ये टंकून यूटीएफ-८ संकेतनात पाठवणे हा कायमस्वरूपी उपाय होय. जुन्या फाँटातील दस्तऐवज फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ स्वरूपात जोडता येतो. त्यातील अक्षरे डोळ्यांना योग्य दिसतात, परंतु शोध घेताना किंवा नक्कल करताना पुन्हा रोमन अक्षरेच हाती येतात. त्यामुळे महत्त्वाच्या सूचनेचा गोषवारा ई-मेलच्या मुख्य मजकुरात युनिकोडमध्ये देणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

युनिकोड
यूटीएफ-८
देवनागरी
इस्की