डिझेल इंजिन आणि डिस्टॉर्शन

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट असो की कोळीवाड्यातली मासेमारीची बोट, तिचं डिझेल इंजिन मंद चालू असताना एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. वेग वाढला की त्याच ठोक्यांची सलग घरघर होते. यामागचं गणित सोपं आहे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला ५ ठोके. ते कान सहज मोजतो. २,४०० फेरे झाले की सेकंदाला २० ठोके, आणि साधारण याच उंबरठ्यावर मोजणं सुटतं, ताल विरतो आणि सूर सुरू होतो. यंत्रांचे आवाज आणि नॉइज मिसळलेले हार्ड रॉकचे जे अल्बम गेल्या काही वर्षांत आले, त्यांचं महत्त्वाचं काम या उंबरठ्याच्या आसपास चालतं. ड्रम किंवा गिटारने करायचं काम गोंगाटावर सोपवलेलं असेल, तर ती रचना आहे. नुसता धाक दाखवायला तो वरून पसरलेला असेल, तर त्या अल्बमवर वेळ घालवू नये. अशा रचनेला लागणारा कच्चा माल आणि कसबी हात, दोन्ही वर्सोव्यासारख्या उपनगरात आहेत, हे मात्र आपल्याकडच्या बँडनी अजून पुरेसं मनावर घेतलेलं नाही.

कारखाना हा हार्ड रॉकमध्ये नंतर आलेला पाहुणा नव्हे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १७ वर्षांच्या टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. पुढे ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये त्यांनी तारा सैल करून सूर खाली उतरवला आणि त्या जड आवाजावर एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. त्याच शहरातल्या गॉडफ्लेश या बँडने १९८९च्या ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ड्रमर ठेवलाच नाही, ठोके ड्रम मशीनचे, न थकणारे, न दमणारे. २०२३च्या ‘पर्ज’मध्येही तीच शिस्त आहे. सॅन डिएगोचे ट्रिस्टन शोन तर मेकॅनिकल इंजिनियर आहेत. ‘ऑथर अँड पनिशर’ या नावाने वाजवताना ते स्वतः बनवलेली जड धातूची यंत्रं हातांनी ढकलतात, फिरवतात. त्या यंत्रांना वजन असल्यामुळे ठोका द्यायला खरी ताकद लागते, आणि ‘क्रुलर’ या २०२२च्या अल्बममध्ये ती ताकद ऐकू येते. बटण दाबून काढलेला तोच ठोका इतका जड वाटत नाही, कारण माणसाचा हात वजनाशी झगडताना वेळ किंचित पुढेमागे करतो आणि कानाला ते कळतं.

स्टुडिओतलं खरं काम कापाकापीचं असतं. गिटारचा सिग्नल ॲम्प्लिफायरच्या कुवतीबाहेर ढकलला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ सुराच्या पटीतल्या नव्या वारंवारता जन्माला येतात. डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. आता त्याच्याशेजारी इंजिनाची घरघर ठेवून पाहा. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि इंजिनाचा गाभाही त्याच पट्ट्यात असतो. दोन्ही जसेच्या तसे ठेवले तर सगळा नुसता चिखल. म्हणून ध्वनियंत्रक इंजिनाचा खालचा भाग कापून त्याची धातूची खडखड तेवढी राखतो, नाहीतर बासला वर सरकवून तळ इंजिनाला देतो. कोणी मागे हटायचं, हा निर्णय म्हणजेच संगीतरचना. ज्या अल्बममध्ये पहिलं अर्धं मिनिट भोंगा आणि खरखर वाजते आणि मग नेहमीची रिफ सुरू होते, तिथे हा निर्णय घेतलेलाच नसतो.

यावर मुंबईकराचा आक्षेप रास्त आहे: कर्णा, डीजे आणि बांधकाम सोसून झाल्यावर हा आणखी गोंगाट कशाला? ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव जिथे गाजला, ते धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात आल्याने तिथल्या मैफली थांबल्या. नियम योग्यच आहे. रुग्णालयाशेजारी कुणाचाही हट्ट चालू नये. पण डेसिबल आवाजाची पातळी मोजतात, पोत मोजत नाहीत. कापलेल्या लहरींची धार आवाज हळू केला तरी शाबूत राहते, त्यामुळे हे अल्बम शेजाऱ्याची झोप न मोडता हेडफोनवर ऐकता येतात. शिवाय लादलेल्या आवाजात ऐकणाऱ्याला निवड नसते. इथे ती पहिल्यापासून आहे.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. बर्मिंगहॅमचं दुःख अंधेरीत कशाला? पण गिरण्यांचं शहर आपलंही होतं, आणि १९८२च्या संपानंतर ते कसं विझत गेलं हे मराठी घरांना सांगायला नको. सोबतीला परंपराही आहे. १९९४ला सुरू झालेल्या मुंबईच्या पेंटाग्राम या बँडने २००२च्या ‘अप’मध्ये गिटारजवळ इलेक्ट्रॉनिक्स आणून बसवलं. जड गिटारचा हात भयानक मौत आणि स्क्राइब या बँडनी केव्हाच पक्का केला. कमी पडतो तो स्वतःचा आवाज. विकत घेतलेल्या सँपल पॅकमधला हातोडा जगभरच्या अल्बममध्ये सारखाच पडतो. इकडे अंधेरी-वर्सोवा पट्ट्यात सिनेमासाठी फोलीचं काम करणारे कलाकार पावलांचा, दाराच्या कडीचा, पत्र्याचा आवाज पडद्याकडे बघत हाताने घडवतात. कुठल्या वस्तूतून कुठला पोत निघतो, माइक किती जवळ धरायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. इंडस्ट्रियल रॉकला हेच कसब हवं असतं. नव्या अल्बमच्या तयारीत असलेल्या बँडनी एखाद्या फोली कलाकाराला मानधन देऊन सोबत घ्यावं आणि खलाशांना विचारून बोटीचं इंजिन मंद असतानापासून पूर्ण वेगापर्यंत सलग रेकॉर्ड करावं. एका गाण्याचा ताल आणि सूर दोन्ही त्यातून निघतील.