आडनाव एक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक

आधार कार्डावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि पासबुकावर दुसरं, म्हणून बँकेतून परत यायची वेळ आपल्यातल्या पुष्कळ जणींवर येते. असाच घोळ फ्रेंच लोकांच्या आडनावांतही झाला आहे. तिथले लोक तो कसा सोडवतात, ते आज पाहू या.

फ्रान्समधल्या ला रोशेल शहराजवळचा झाक आर्शांबो हा माणूस बायकोमुलांसह समुद्र ओलांडून कॅनडात गेला. १६५८ साली त्याने मॉन्ट्रियल इथे गावातली पहिली विहीर खणली. आज त्याचे वंशज कॅनडा आणि अमेरिकेत पसरले आहेत, पण सगळे आपलं आडनाव सारखं लिहीत नाहीत. शेवटचा ‘ओ’ कोणी ए-यू-एल-टी असा लिहितो, कोणी ए-यू-डी, तर कोणी ई-ए-यू. फ्रेंचमध्ये या सगळ्यांचा उच्चार एकच होतो, कारण शेवटची बरीच अक्षरं बोलताना गळतात.

मग फरक पडला कुठे? बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद चर्चचा पाद्री करायचा. तो नाव ऐकायचा आणि त्याला सुचेल तसं लिहायचा. नवरानवरीला लिहितावाचता येत नसेल, तर ‘सही येत नाही’ एवढीच नोंद व्हायची. आपलं नाव कागदावर कसं उतरलं, हे त्यांना तपासता येत नव्हतं. ज्याच्या हातात लेखणी, त्याचं स्पेलिंग!

पुढे कॅनडातली पुष्कळ कुटुंबं कामासाठी अमेरिकेत गेली. तिथले कारकून इंग्रजी बोलणारे. त्यांनी आर्शांबोचं ‘शॅम्बो’ केलं. काहींनी तर अर्थच बदलून घेतला. फ्रेंचमध्ये ‘ल्ब्लाँ’ म्हणजे पांढरा, म्हणून ते झाले ‘व्हाइट’.

फ्रान्समध्ये १७९२ साली नोंदी सरकारकडे आल्या. जन्मनोंदीत असेल तेच नाव लावायचं, असा कायदा १७९४ साली झाला. १८७७ पासून कुटुंबाला नोंदवही मिळू लागली, तेव्हा स्पेलिंग बरंच स्थिर झालं.

आता शोध कसा घेतात ते पाहू. सुरुवात आजपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. लग्नाची नोंद सापडली की बरंच काम होतं, कारण तिच्यात बहुधा दोघांच्या आईवडिलांची नावं असतात. स्पेलिंगवर अडून न बसता उच्चार धरायचा. मग जोडीदार, आईवडील आणि गाव जुळतं का, ते पाहायचं. नुसतं आडनाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं नाही. आणि जुनं स्पेलिंग दुरुस्त न करता कागदावर आहे तसंच उतरवायचं.

यात बायकांची एक गोष्ट मोलाची आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या जुन्या चर्चनोंदींत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव लिहीत. झाकची बायको फ्रांस्वाज हिची ओळख म्हणूनच ‘तूरो’ या तिच्या आडनावाने टिकली. त्यामुळे आईकडची, आजीकडची वंशावळही तिथे शोधता येते. नवऱ्याच्या आडनावात ती मिटली असती, तर तिचं माहेर कोण शोधणार होतं?

आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव, दोन्ही बदलण्याची रीत आहे. म्हणून आमचं सांगणं असं: बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक पान करावं. त्यावर माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, आईचं आणि आजीचं नाव आणि त्यांची गावं लिहावीत. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा यांवर नाव जसं आहे तसं समोर उतरवावं. फरक दिसला, तर काम अडण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज करता येईल. लग्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. दोन नावांची बाई एकच आहे, हे दाखवायला तेच कागद उपयोगी पडतात.

आणि कोणी आपलं नाव लिहून घेत असेल, तर सही किंवा अंगठा देण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. झाक आणि फ्रांस्वाजच्या काळात ते अनेकांना जमलं नाही. आपल्याला जमेल.