जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

टीव्हीला जोडलेला, चित्रपट दाखवणारा जुना संगणक अडखळू लागला की गिऱ्हाईक नवा मागतो. दुरुस्ती करणाऱ्या बंधूंनी आधी तीन उपाय सुचवावेत. पंख्यातील धूळ काढावी; प्रोसेसर तापला की आपोआप मंदावतो. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. संगणक सुरू होण्यातला मोठा फरक इथेच पडतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा केवळ चित्रपटांसाठी विनामूल्य लिब्रेइलेक टाकावे. त्यात कोडीखेरीज फारसे काही नसल्याने भार हलका होतो.

मात्र २०१५ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी चित्रफितींची पूर्ण अंगभूत सोय नाही. गिऱ्हाईकाला ४के चित्रपट हवे असतील, तर जुन्यावर खर्च करायला लावू नये. स्पष्ट सांगणाऱ्याच्याच दुकानात गिऱ्हाईक परत येतो.